कंटेनर उतरतो तेव्हा

घर्षणाचा कोन आम्ही शिक्षक लाकडी फळीवर शिकवतो, गुण देतो आणि मोकळे होतो. याला माझी हरकत आहे.

समजा, नरसी नामदेवच्या एखाद्या मळ्यात हळद ठेवण्यासाठी जुना वीस फुटी कंटेनर आणला. रिकामाच तो सव्वादोन टनांच्या आसपास भरतो. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावा शेवा बंदरात अशा पेट्या क्रेनने चार कोपरे धरून अलगद उचलतात. मळ्यात क्रेन कुठली? तिथे कलत्या पाटीचा ट्रक येतो. पाटी हळूहळू कलते आणि पेटी पोलादी दोराने रोखत खाली सोडतात.

हाच तुमचा फळीवरचा ठोकळा! घर्षणांक ०.३ असेल, तर सुमारे १७ अंशांवर पेटी घसरू लागते; रिकामी असो वा भरलेली, कोन तोच. ‘जड आहे, हलायची नाही’ हा समज म्हणूनच घातक. पावसाने किंवा सांडलेल्या तेलाने घर्षणांक ०.२ झाला, की त्याच कोनात रिकाम्या पेटीचा सव्वादोनशे किलोग्रॅम भार अडवायचा उरतो. एकूण वजन वीस टन असेल तर दोन टन! आणि अशा वेळी मागे उभे राहून हाताने ‘आधार’ देणारी माणसे मी पाहिली आहेत.

शिक्षकांनी पुढच्या तासाला फळीवर पत्रा ठोकावा. ठोकळ्यावर वजने वाढवत कोन मोजून घ्यावा, मग पत्र्याला साबणाचे पाणी लावून पुन्हा मोजावा.