पानसुपारी ते ‘रिटर्न गिफ्ट’

लग्नसराईत मीरा-भाईंदरमधल्या कुठल्याही हॉलच्या दाराशी उभे राहावे. बाहेर पडणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हाती चकचकीत कागदात गुंडाळलेली ‘रिटर्न गिफ्ट’ दिसते. प्लॅस्टिकचा डबा, नाहीतर स्टीलची वाटी! पाहुण्यांच्या घरी ती माळ्यावर पडते. इकडे मुलीचा बाप कर्ज फेडीत बसतो.

पाहुण्याला रिकाम्या हाती पाठवू नये, ही रीत जुनी आणि चांगलीच आहे. पण तिची किंमत किती असावी? जोतीराव फुल्यांच्या पुढाकाराने २५ डिसेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाजाचा पहिला विवाह लागला. खर्च काय तो पानसुपारीचा! त्याने कोणाचा मान उणा झाला नाही.

मग ही भेट आपण घरीच का करू नये? शिंप्याकडच्या उरल्यासुरल्या कापडाची पुरचुंडी शिवावी, तीत बडीशेप-खडीसाखर किंवा खडेमीठ भरावे. मिठागरांनी ओळखल्या गेलेल्या भाईंदरात याहून बोलकी भेट कोणती?

मात्र ‘घरगुती म्हणून स्वस्त’ म्हणताना आई, मावशी, बहिणी यांच्या जागरणाचा हिशेब कोणी धरीत नाही. दोनशे पुरचुंड्या बायकांनी शिवायच्या आणि पुरुषांनी नुसत्या मोजून घ्यायच्या, तर वाचलेला पैसा बायकांच्या पाठीतूनच वसूल झाला म्हणायचा!

मित्रहो, उद्या आपल्याही लग्नाच्या याद्या होतील. त्या बैठकीतच ठरवून घ्यावे : निम्म्या पुरचुंड्या वरपक्षाच्या, आणि सुईदोरा नवरदेवाच्याही हाती!