उबवणी यंत्राला थर्मोस्टॅट कोणता?



अंडी उबवण्याच्या यंत्राला साधा चालू-बंद थर्मोस्टॅट चालत नाही, तापमान दशांश अंशापर्यंत स्थिर धरणारा महागडाच हवा, हे गेल्या अंकातील पत्रलेखकांचे मत पटत नाही. पंखा असलेल्या यंत्रात कोंबडीच्या अंड्यांना 37.5 अंश सेल्सिअसच्या आसपास ऊब लागते, हे खरे. पण आतली हवा अर्धा अंश वरखाली झाली म्हणून गर्भाचे तापमान लगेच तसे हलत नाही. अंडे सावकाश तापते, सावकाश निवते. खुडूक कोंबडीसुद्धा दाणापाण्यासाठी अंड्यांवरून उठतेच की! खरा धोका बिघाडाचा आहे. साध्या थर्मोस्टॅटमधल्या रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले की ऊब देणारा बल्ब जळतच राहतो, आणि थोड्या गारव्यापेक्षा जादा उष्णता गर्भाला फार लवकर मारते. महागड्या थर्मोस्टॅटमधला ट्रायाक हा इलेक्ट्रॉनिक स्विचही बहुधा असाच, चालू अवस्थेत निकामी होतो. म्हणून त्याच पैशांत साधे दोन घ्यावेत, सिरीजमध्ये जोडावेत आणि दुसरा 38.5 अंशांवर वीज तोडेल असा लावावा.

दुसराही बिघडेल, असा आक्षेप येईल. बिघडेलही, पण दोन्ही एकाच वेळी चिकटणे दुर्मीळ. दोघांचे सेन्सर मात्र वेगळे आणि अंड्यांच्या उंचीवर हवेत. परदेशांत घरी पाळल्या जाणाऱ्या बॉल पायथन सापाच्या पेटीबाबत पत्रलेखकांशी सहमत आहे: तिथे बल्ब वापरला तर सततची उघडझाप सापाला त्रासदायक आणि फिलामेंटही लवकर जाते, तेव्हा वीज हळूहळू कमी-जास्त करणारा थर्मोस्टॅटच योग्य.

— एक वाचक