टेक एक, कॉपी तीन!

तुमच्या ऑफिसातही असा एक जण असणारच. दिवसभर एक्सेलच्या शीटमध्ये डोकं घालून बसणारा आणि रात्री अकरा वाजता, बिल्डिंगमधले टीव्ही एकदाचे शांत झाले की, बेडरूमचा पंखा बंद करून माइकसमोर बसणारा. कुणी गिटार वाजवतो, कुणी पॉडकास्ट करतो, कुणी व्हॉइसओव्हरची छोटी-मोठी कामं घेतो. कदाचित तो एक जण तुम्हीच असाल! आणि यात लाजण्यासारखं काही नाही बरं का. बिली आयलिशचा २०१९ मध्ये आलेला पहिला अल्बम तिच्या भावाच्या बेडरूममध्ये रेकॉर्ड झाला आणि २०२० च्या जानेवारीत त्याला ‘अल्बम ऑफ द इयर’चं ग्रॅमी मिळालं. तेव्हा बेडरूम चालते. प्रश्न वेगळाच आहे. रेकॉर्ड झालेलं सगळं राहतं कुठं?

सुरुवातीला लॅपटॉपमध्ये. मग एक दिवस ‘डिस्क फुल’चा मेसेज येतो आणि आपण एक एक्स्टर्नल हार्ड डिस्क घेऊन येतो. सगळी गाणी तिच्यावर टाकायची, लॅपटॉपमधून उडवायची आणि चारचौघांत ऐटीत सांगायचं, ‘आपलं सगळं एक्स्टर्नलवर आहे, टेन्शन नाही!’

बॉस, लोच्या इथेच आहे. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत. एकुलती एक प्रत लॅपटॉपमधून उचलून बाहेरच्या डबीत ठेवली, तरी ती एकुलती एकच राहते. फरक एवढाच की आता ती टेबलावरून खाली पडूही शकते.

स्पीडचा बाऊ नको

आधी कामाच्या डिस्कचं बोलू. दुकानात गेलात की सेल्समन स्पीडचे आकडे तोंडावर फेकतो. जरा साधा हिशेब करा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटवर एका माइकचं रेकॉर्डिंग मिनिटाला साधारण साडेआठ एमबी जागा खातं, म्हणजे तासाला अर्धा जीबी. एकाच वेळी आठ माइक लावून अख्खा बँड रेकॉर्ड केलात, तरी सेकंदाला जेमतेम सव्वा एमबी लिहायचं असतं. जुन्या यूएसबी २.० मधूनही प्रत्यक्षात सेकंदाला तीसेक एमबी आरामात जातात. त्यामुळे नुसतं रेकॉर्ड करायला साधी फिरती हार्ड डिस्कही पुरते. गाण्यात पन्नास-साठ ट्रॅक झाले, सॅम्पलच्या मोठमोठ्या लायब्रऱ्या आल्या की मात्र ती धापा टाकते. तिच्या आतल्या सुईला तबकडीवर इकडून तिकडे पळावं लागतं ना! तिथे एसएसडी घ्या. तिच्यात फिरणारं काही नसतं. शिवाय ती आवाजही करत नाही. फिरत्या डिस्कची घरघर कंडेन्सर माइक बरोब्बर पकडतो, आणि मग हळव्या गाण्याच्या मागे भुंगा ऐकू येत राहतो.

दोन बारीक गोष्टी. एक, ऑडिओ इंटरफेस थेट लॅपटॉपला लावा. स्वस्तातल्या हबवर डिस्क आणि इंटरफेस एकत्र कोंबले की वीज दोघांना पुरत नाही आणि ऐन अंतऱ्यात डिस्क गायब होते. दोन, ॲडॅप्टरवर चालणारी मोठी डिस्क असेल तर तिला यूपीएस हवाच. लाइट गेली तर लॅपटॉप बॅटरीवर तगतो, डिस्क नाही.

ती टक-टक

आता खरी गोष्ट. आमच्या ग्रुपमधल्या एकानं दोन वर्षं दर सुट्टीत सावंतवाडीला जाऊन आजीची गाणी रेकॉर्ड केली. मंगळागौरीची, लग्नातली, शिवाय मधूनमधून आजीच्या गप्पा, खोकला, ‘आता पुरे रे’ सुद्धा. सगळं एका डिस्कवर. आजी गेली. पुढे चार महिन्यांनी घर बदलताना ती डिस्क टेम्पोतल्या खोक्यात कुठेतरी आपटली. जोडल्यावर आतून नुसती टक-टक. लॅमिंग्टन रोडच्या दुकानांत विचारून झालं, मग एका लॅबमध्ये ती उघडली गेली. तबकडीवरच ओरखडे होते. लॅबवाल्यानं हात वर केले.

वाचलं काय, माहितेय? सव्वाचार मिनिटांची एक क्लिप. त्यानं कधीतरी सहज कौतुकानं आत्याला व्हॉट्सॲपवर पाठवली होती, म्हणून. आवाज दाबलेला, क्वालिटी बेताची. पण आज त्या घरात आजीचा आवाज तेवढाच आहे. बाकीच्या दोन वर्षांसाठी आता कितीही महाग माइक आणला, तरी रीटेक नाही.

हे एकट्या-दुकट्याचं होतं असं समजू नका. १९९८ मध्ये पिक्सारच्या सर्व्हरवर एक चुकीची कमांड दिली गेली आणि ‘टॉय स्टोरी २’चा बराचसा भाग डोळ्यांदेखत पुसला गेला. बॅकअप होता, पण तो नीट चालत नाही हे गरज पडली तेव्हाच कळलं. सिनेमा तरला तो गेलिन सुसमन यांच्यामुळे. घरी तान्हं बाळ असल्यानं त्या घरून काम करायच्या आणि त्यांच्या घरच्या कॉम्प्युटरवर एक प्रत होती. आत्याचा फोन काय, सुसमन यांचं घर काय, दोन्हीकडे कामी आली ती दुसऱ्या पत्त्यावरची प्रत.

आणि डिस्क आपटली नाही, कपाटात नीट ठेवली, तर? १९९० च्या दशकात मोठमोठे स्टुडिओ टेपवरून हार्ड डिस्कवर आले आणि त्या डिस्क जपून ठेवल्या गेल्या. अशा वस्तू सांभाळणाऱ्या आयर्न माउंटन या अमेरिकन कंपनीनं २०२४ मध्ये सांगितलं, की त्यांच्याकडे आलेल्या त्या दशकातल्या डिस्कपैकी साधारण पाचातली एक आता वाचताच येत नाही. कुणी आपटल्या नव्हत्या की भिजवल्या नव्हत्या. यंत्र आहे, नुसतं पडून राहिलं तरी म्हातारं होतं. वर्षानुवर्षं वीज न लावता ठेवलेली एसएसडीसुद्धा डेटा विसरू शकते.

३-२-१ चा फंडा

यावरचा उपाय पीटर क्रोग या अमेरिकन फोटोग्राफरनं लोकप्रिय केला आणि तो फोनच्या पासवर्डपेक्षा सोपा आहे. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, त्यातली एक दुसऱ्या पत्त्यावर. आपल्या भाषेत सांगायचं तर एक प्रत लॅपटॉपमध्ये किंवा कामाच्या एसएसडीवर. दुसरी एका स्वस्त, जास्त जागेच्या फिरत्या हार्ड डिस्कवर; ती फक्त बॅकअपपुरती जोडायची, मग काढून ठेवायची. तिसरी क्लाउडवर, नाहीतर दर महिन्याला अपडेट होणारी एक डिस्क आईकडे, ताईकडे, गावाला. गणपतीला घरी जाताना डिस्कची अदलाबदल केलीत तरी काम झालं!

काही पथ्यं मात्र पाळायची. एकाच डिस्कचे दोन पार्टिशन म्हणजे दोन प्रती नव्हेत; एक पडली की दोन्ही पडल्या. सिंक म्हणजेही बॅकअप नव्हे. इकडे चुकून डिलीट केलंत की तिकडेही इमानेइतबारे डिलीट होतं. विंडोज आणि मॅक दोन्हींवर डिस्क वापरायची असेल तर ती एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, पण ‘इजेक्ट’ न करता वायर खेचू नका. अशा झटक्याला ती फॉरमॅट जरा नाजूक आहे. ऑनलाइन सेलमध्ये चिल्लर किमतीत ‘१६ टीबी’ दिसली तर दुरूनच नमस्कार करा. अशा डबीत बऱ्याचदा एक छोटं मेमरी कार्ड असतं. ते खोटी साइज सांगतं आणि जागा संपली की तुमच्याच फाइलींवर फाइली लिहीत सुटतं. डिस्कमधून टक-टक आली तर पुन्हापुन्हा लावून बघू नका. प्रत्येक प्रयत्नात आतला ओरखडा वाढू शकतो.

आणि एक खास रेकॉर्डिंगवाल्यांसाठी. नुसती प्रोजेक्ट फाइल कॉपी करून भागत नाही, तिच्यासोबतचा ऑडिओ फोल्डरही न्या. गाणं पूर्ण झालं की प्रत्येक ट्रॅक शून्य सेकंदापासून वेव्ह फाइल म्हणून काढून ठेवा. दहा वर्षांनी आजचं सॉफ्टवेअर असेलच असं नाही. वेव्ह फाइल उघडायला फारसं काही लागत नाही.

‘वर्ल्ड बॅकअप डे’ नावाचा एक दिवसही आहे, २०११ पासून. तारीख कुठली, तर ३१ मार्च! म्हणजे आपण नेमके इयर एंडिंगच्या धबडग्यात, रात्री दहापर्यंत ऑफिसात, कंपनीच्या डेटाचा जीव सांभाळत बसलेलो. तिकडे सर्व्हरच्या चार-चार प्रती निघतात आणि घरी आपला आवाज एका डबीच्या भरवशावर. तेव्हा मार्चची वाट कशाला बघायची? या शनिवारी कटिंग घेऊन बसा. बॅकअपवरची एखादी जुनी फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडा आणि शेवटपर्यंत ऐका. वाजली तर तो बॅकअप. नाही वाजली, तर मूळ टेक अजून शाबूत आहे तोवर कळलं म्हणून देवाचे आभार माना, आणि लगेच कामाला लागा!