शेवटचा डबा

"मालगाड्यांचे फोटो काढायला राजस्थानात चाललो आहे," असे घरी सांगितले तेव्हा आई एवढेच म्हणाली, "भुसावळात काय मालगाड्या कमी आहेत?"

प्रश्न बिनतोड होता. आमच्या घरामागेच यार्ड. वाघिणी एकमेकींवर आदळण्याच्या आवाजाशिवाय आम्हाला झोप लागत नाही. तरीही गेल्या डिसेंबरात आम्ही चौघे मित्र गाड्या बदलत जोधपूरला पोहोचलो आणि तेथून जैसलमेरच्या वाटेवरील रामदेवरा या गावी एका धर्मशाळेत चार दिवस मुक्काम ठोकला. बाबा रामदेवांच्या दर्शनाला येणाऱ्या भाविकांच्या गर्दीत गळ्यात कॅमेरे अडकवलेले आम्ही चौघे म्हणजे एक निराळाच पंथ वाटत असू!

आईला तेव्हा देता आले नाही ते उत्तर येथे देतो. आपल्याकडे मालगाडी कधी पुरती दिसतच नाही. मध्ये खांब येतात, पूल येतात, घरे येतात, दुसरी गाडी येते. थरच्या वाळवंटात तसे काही नाही. खुरट्या खेजडीची झाडे, रुईची झुडपे, दूर पवनचक्क्या आणि बाकी सारे आकाश. तेथे गाडी इंजिनापासून अखेरच्या डब्यापर्यंत एका दृष्टिक्षेपात मावते. तिच्यासाठी आम्ही इतक्या लांब गेलो होतो.

हा मार्ग मुळात मीटरगेजचा. जैसलमेरला तर १९६५ च्या युद्धानंतर रूळ पोहोचले. ब्रॉडगेज त्याच्याही पुष्कळ नंतरचे. आज या वाटेने जैसलमेरजवळच्या सानू येथील चुनखडी बाहेर पडते. तिच्यात सिलिकाचे प्रमाण कमी असल्यामुळे पोलाद बनविताना ती उपयोगी पडते आणि म्हणून शेकडो कोस दूरच्या पोलाद कारखान्यांपर्यंत जाते. आपल्या घराच्या स्लॅबमधील सळईत कदाचित या वाळवंटातील दगडाचा अंश असेल, हे आम्हाला तेथे गेल्यावर उमगले. अशा एका गाडीला पन्नासहून अधिक वाघिणी असतात आणि तिची लांबी सहाशे-सातशे मीटर भरते.

दुसऱ्या दिवशीची गोष्ट. गावाबाहेरच्या एका फाटकाजवळ, रेल्वेची हद्द सोडून, आम्ही पहाटेपासून बसलो होतो. (रुळांवर उतरून फोटो काढणाऱ्या शूरांविषयी मला मुळीच आदर नाही. रेल्वे कायद्याच्या १४७ व्या कलमाप्रमाणे तो गुन्हा आहे. आणि कायदा नसता तरी तो मूर्खपणाच ठरला असता.) थंडीने बोटे वाकत नव्हती. सूर्य वर आला आणि दूर धुळीत दोन दिवे दिसले. गाडी येता येता वाळूचा रंग पिवळ्याचा सोनेरी झाला. चौघांचे कॅमेरे एकदम कडकडले. इंजिन समोरून धडधडत गेले आणि आम्ही चौघांनीही माना खाली घालून आपापल्या कॅमेऱ्याच्या पडद्यात डोके खुपसले. कोणाचा प्रकाश साधला, कोणाचे इंजिन हलले, यावर वाद सुरू झाला. एकाने इंजिनाचा वर्ग आणि क्रमांक वहीत टिपून घेतला.

गाडी मात्र अजून जातच होती. वाघिणीमागून वाघीण. पुरे एक मिनिटभर.

फाटकवाला हातात हिरवी झेंडी धरून ताठ उभा होता. शेवटचा ब्रेकव्हॅन त्याच्यासमोर आला, त्यातल्या गार्डने आपली झेंडी दाखवली, याने आपली दाखवली, आणि गाडी वळणाआड गेली. मग तो आमच्याकडे आला. आमचे फोटो त्याने कौतुकाने पाहिले आणि सहज विचारले, "आखरी डिब्बे का नहीं लिया? गाडी तो अब पूरी हुई."

मित्र हसले. मला हसू आले नाही. कारण माझे वडील तीस वर्षे मालगाडीचे गार्ड होते.

त्यांची ती लोखंडी पेटी, त्यातील झेंड्या आणि दिवा, अपरात्री येणारे बोलावणे आणि जेवणाच्या डब्याला बांधलेले फडके, यांत माझे बालपण गेले. आमच्या घरी त्यांचे दोनच फोटो आहेत: एक लग्नातला आणि दुसरा निवृत्तीच्या दिवशीचा, गळ्यात हार आणि हातात नारळ असलेला. ब्रेकव्हॅनच्या दारात झेंडी घेऊन उभे असलेले वडील कोणीही टिपलेले नाहीत. मीसुद्धा नाही. आठवीपासून माझ्या हातात कॅमेरा होता!

माझे म्हणणे एवढेच आहे की, फाटकवाला आम्हा चौघांपेक्षा अधिक बरोबर होता. रेल्वेच्या दृष्टीने इंजिन स्टेशनात आले म्हणजे गाडी आली असे होत नाही. वाटेत कपलिंग तुटून काही वाघिणी मागे राहिल्या असतील तर? म्हणून शेवटच्या डब्यावर 'एल. व्ही.' अक्षरांची पाटी लावतात, रात्री तांबडा दिवा लावतात. ती खूण डोळ्यांनी पाहिल्यावरच गाडी अखंड पोहोचली असे मानायचे आणि मागचा मार्ग मोकळा करायचा, ही जुनी रीत. अलीकडे पुष्कळ ठिकाणी रुळांवरील यंत्रेच चाके मोजून तेच काम करतात. पण तत्त्व बदललेले नाही. गाडी पुरी झाली की नाही, हे तिचे शेपूट ठरवते.

आम्हा छंदिष्टांची गाडी मात्र इंजिनापाशीच संपते. एक मित्र म्हणाला, "इंजिन देखणे असते. ब्रेकव्हॅन म्हणजे चाकांवरची खोली. तिच्यात पाहण्यासारखे काय आहे?" त्याचे म्हणणे मी उडवून लावत नाही. सौंदर्याच्या ओढीनेच आम्ही तेथे गेलो होतो आणि त्याची मला लाज नाही. पण संपूर्ण गाडी पाहायची म्हणून हजार मैल जायचे आणि तिच्या सहाशे मीटरांपैकी पहिले वीस मीटर टिपून मान खाली घालायची, याला पाहणे म्हणावे काय?

शिवाय उशीर करून चालणार नाही. २०२२ च्या जानेवारीत 'गार्ड' हे पदनाम जाऊन 'ट्रेन मॅनेजर' हे नवे नाव आले. नावाचे काही एवढे नाही. पण शेवटच्या वाघिणीवर बसवलेले यंत्र चालकाला गाडी अखंड असल्याचे कळवते, मग मागे माणूस आणि ब्रेकव्हॅन कशाला, असा प्रयोगही काही मालगाड्यांवर सुरू झाला आहे. यंत्राला माझा विरोध नाही. अंधाऱ्या रात्री आडरानात एकट्याने तासन् तास बसणे म्हणजे काय, हे मी वडिलांच्या तोंडून ऐकले आहे. ते बसणे कोणाच्या वाट्याला न आले तर चांगलेच. परंतु तो माणूस तेथे होता याची एक तरी साक्ष राहायला नको का?

उरलेल्या दोन दिवसांत आम्ही एक नियम केला. गाडी पुरी जाईपर्यंत कॅमेरा खाली ठेवायचा नाही. रुळांवर आलेली वाळू उपसणारे गँगमन दिसले तर त्यांना विचारून त्यांचा फोटो घ्यायचा. वहीत इंजिनाच्या क्रमांकाबरोबर माल कोणता, कोठून आला, हेही लिहायचे. सैनिकी गाडी आली की मात्र कॅमेरे पिशवीत. या नियमामुळे आमचे फोटो अधिक सुंदर झाले असे नाही. खरे सांगायचे तर काही अगदीच सामान्य आले. पण त्यांत गाडी पुरी आहे.

भुसावळच्या मित्रमैत्रिणींना माझी विनंती आहे की, ज्यांच्या घरी रेल्वेत काम करणारे कोणी आहे, आणि असे घर आपल्या वर्गात शोधावे लागत नाही, त्यांनी त्या माणसाचा कामावर जाण्याच्या वेशातील एक फोटो या वर्षी काढावा. मागे तारीख आणि कामाचे नाव लिहावे. महाविद्यालयाच्या ग्रंथालयाने असे फोटो एका संग्रहात ठेवले तर आपल्या गावाचा थोडा इतिहास आपोआप जमेल.

घरी आल्यावर वडिलांना सारे फोटो दाखवले. इंजिनांचे फोटो त्यांनी भराभर पुढे सरकवले. तिसऱ्या दिवशीच्या एका फोटोशी थांबले. दूर जाणारा ब्रेकव्हॅन, दारात झेंडी धरलेला एक माणूस, चेहरा ओळखू न येणारा. चष्मा वर करून त्यांनी तो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "पाटी नीट लावली आहे."

मग आईला हाक मारून त्यांनी तो तिलाही दाखवला.