शुगर होती म्हणून मेली?

दोस्तहो, २०२० साली आपल्या वस्तीत एक नवा शब्द घुसला. सहव्याधी. कोरोनानं माणूस गेला की बातमीला शेपूट लागायचं: मयताला मधुमेह होता, ब्लडप्रेशर होतं, किडनी खराब होती. ऐकणारा निवांत व्हायचा. म्हणजे तो मेलाच असता की! मरणाची जबाबदारी मेलेल्याच्याच अंगावर टाकायची ही जुनीच रीत, फक्त शब्द डॉक्टरी.

आधी विज्ञान बोलू. हा विषाणू सगळ्यांना सारखा मारत नाही, हे खरं. रक्तात साखर कायम चढलेली असली की शरीराची लढणारी फौज ढिली पडते. हृदय, किडनी, फुफ्फुस आधीच अधू असेल तर ऑक्सिजन कमी पडल्याचा मार सोसत नाही. इंग्लंडात १ कोटी ७० लाख माणसांच्या नोंदी तपासून २०२० सालीच अभ्यास छापून आला. सगळ्यात मोठा धोका वयाचा निघाला. मधुमेह ताब्यात असलेल्यापेक्षा ताब्यात नसलेल्याला धोका जास्त. आणि पुढचं नीट ऐका: वय, आजार सगळं हिशेबात धरूनही गरीब वस्त्यांतली माणसं जास्त मेली. म्हणजे गरिबी हीसुद्धा सहव्याधीच. तिचा रकाना मात्र कुठल्या केसपेपरावर नाही.

साखर ताब्यात ठेवायची म्हणजे रोजची गोळी, वेळेवर जेवण, दर तीन महिन्यांनी रक्त तपासणी. माण-खटावच्या, जतच्या दुष्काळातून उसाच्या फडावर जाणाऱ्या बाईनं हे कुठं करायचं? कोयत्याला सुट्टी नसते. तिला आजार आहे हेच तिला चक्कर येऊन पडल्यावर कळतं.

१ मार्च २०२१ ला सरकारनं ४५ ते ५९ वयाच्या सहव्याधीवाल्यांना लस खुली केली. वीस आजारांची यादी, वर डॉक्टरचं सर्टिफिकेट. नुसता मधुमेह चालत नव्हता. तो दहा वर्षांपेक्षा जुना किंवा गुंतागुंतीचा हवा, शिवाय ब्लडप्रेशरची औषधं चालू हवीत. माझी मावशी बावन्न वर्षांची. चार घरची धुणीभांडी करायची. शुगर आठ वर्षांची, गोळी पैसे असतील तेव्हा. कागद एकही नाही. तिला परत पाठवलं. १ एप्रिलला पंचेचाळीसच्या वरच्या सगळ्यांना दार उघडलं, तर त्याच महिन्यात सातारा-सांगलीत लसच संपली. मे महिन्यात मावशी गेली. लस घ्यायला तिची शुगर पुरली नाही. मेल्यावर मात्र सगळे म्हणाले, तिला शुगर होती ना!

इथंच डाव कळतो. आयसीएमआरनं २०२० सालीच सांगितलं होतं की सहव्याधी हे मरणाचं मूळ कारण म्हणून लिहू नये. २०२१ साली सुप्रीम कोर्टात लढा झाला आणि वारसांना ५०,००० रुपये ठरले. म्हणजे कागदावर ‘कोरोना’ की ‘शुगर’, या एका शब्दावर घरची चूल. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२०-२१ मधले भारतातले जादा मृत्यू सुमारे ४७ लाख धरले. सरकारी आकडा पाच लाखांच्याही आत. सरकारनं ४७ लाख मानले नाहीत. मग मधली माणसं कोणाची? ती नोंदवहीतल्या गावकुसाबाहेरची.

मार्च २०२० मध्ये इस्लामपूरचं नाव देशभर झालं. ऑगस्ट २०२१ मध्ये राज्यातले पंचवीस जिल्हे मोकळे झाले, तेव्हा सातारा-सांगली निर्बंधातच होते, आणि नुकताच महापूर येऊन गेला होता. एवढं सोसलेल्या जिल्ह्यांनी काय शिकायचं?

याच सातारा जिल्ह्यातल्या नायगावची लेक सावित्रीबाई. १८९७ च्या प्लेगात तिनं मुंढव्याच्या महारवाड्यातलं आजारी पोर पाठीवर घेऊन यशवंताचा दवाखाना गाठला आणि स्वतः प्लेगानं गेली. पोराला आधी काय आजार होता, हे तिनं विचारलं नाही.

तेव्हा मित्रांनो, पुतळ्याला हार घालून घरी जाऊ नका. आपल्या वस्तीत वही घाला. तिशीच्या वरच्या प्रत्येकाची शुगर, ब्लडप्रेशर मोजून घ्या. सरकारी दवाखान्यातून गोळी दर महिन्याला मिळालीच पाहिजे. नाही मिळाली तर दारात बसा. मयताच्या दाखल्यावर काय लिहिलंय ते वाचल्याशिवाय अंगठा देऊ देऊ नका. पुढची साथ येईल. तिला आपली माणसं आयती सापडता कामा नयेत.