गल्लीतलं कळेना, दिल्लीचं सोडवेना

दर बुधवारी आमच्या ड्राइव्हवेवर प्लास्टिकच्या पिशवीतलं एक साप्ताहिक येऊन पडतं. 'अवाटुकी फूटहिल्स न्यूज'. फुकट. मागवलेलं नाही, वर्गणी भरलेली नाही, तरी येतं. १९७८ सालापासून निघतंय. घर घेतल्यावर पहिलं वर्षभर मी ते पिशवीसकट उचलून थेट निळ्या डब्यात टाकायचो. निळा डबा म्हणजे रिसायकलिंगचा. (पिशवी त्या डब्यात टाकायची नसते. हेही मला बऱ्याच उशिरा कळलं.)

२०२५ च्या दिवाळीत एका मित्राकडे जेवायला जमलो होतो. सगळी आपलीच मंडळी, कोणी आयटीवाले, कोणी चिपवाले. मी सहज विचारलं, आपल्या कायरीन स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये मुलांची संख्या घटलीये म्हणून काही शाळा बंद करायची चर्चा चालू आहे, कोणी वाचलं का? सगळे माझ्याकडे बघायला लागले. ज्याचा मुलगा त्याच डिस्ट्रिक्टच्या शाळेत दुसरीत आहे, तो म्हणाला, "अरे, तो गल्लीतला पेपर तू वाचतोस? असतं काय त्यात? कोणाचं कुत्रं कोयोटीने पळवलं नि कोणाच्या हॅलोविनच्या भोपळ्यावर जावेलिनाने ताव मारला!" हशा. आणि पुढच्या मिनिटाला पुणे मेट्रोचा कुठला टप्पा रखडलाय यावर जी चर्चा सुरू झाली ती थेट शिरखंडापर्यंत. जमलेल्यांपैकी एकही जण गेली पाच-सहा वर्षं पुण्यात राहत नाही.

तो हशा माझ्या डोक्यात गेला, म्हणून हा लेख. भांडायचंय मला. पण आधी स्वतःचं सांगतो, म्हणजे नंतर कोणी 'मोठा आला शहाणा' म्हणायला नको.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: अवाटुकी हा फिनिक्स शहराचा दक्षिणेकडचा तुकडा. उत्तरेला साउथ माउंटनचा सोळा हजार एकरांहून मोठा डोंगराळ पार्क, पूर्वेला आय-टेन हायवे, दक्षिणेला हीला रिव्हर इंडियन कम्युनिटी, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची जमीन. आत-बाहेर करायला रस्ते मोजके, त्यामुळे 'जगातली सगळ्यात मोठी बंद गल्ली' असं या भागाचं चेष्टेतलं नाव. नीट आखलेल्या कॉलन्या, अंगणात हिरवळीऐवजी खडी आणि निवडुंग, मागच्या अंगणाला पुरुषभर उंचीची भिंत. आणि गॅरेज! बटण दाबा, दार वर जातं, गाडी आत, दार खाली. वर्षानुवर्षं शेजाऱ्याचं तोंड न बघता राहता येतं. आम्ही राहिलो की.

जुलै २०२३. त्या वर्षी ३० जूनपासून ३० जुलैपर्यंत सलग ३१ दिवस फिनिक्सचा पारा रोज ११० फॅरनहाइट किंवा त्याच्या वर गेला. म्हणजे ४३ सेल्सियसच्या पुढे. नागपूर-चंद्रपूरकर म्हणतील, आम्हाला काय सांगता राव. मान्य. पण इथे त्या महिन्यात कित्येक रात्री पारा ९०च्या, म्हणजे ३२ सेल्सियसच्या खाली उतरलाच नाही. भिंती रात्रीसुद्धा तव्यासारख्या. एसी ही इथे चैन नाही, ती ऑक्सिजनची नळी आहे.

त्यातला पहिलाच विकांत. आमच्याकडे शनिवारची मध्यरात्र उलटून दोन वाजले असतील, म्हणजे भारतात रविवार, २ जुलैची दुपार. राष्ट्रवादीत फूट, राजभवनावर शपथविधी. मी आणि बायको सोफ्यावर लोळत लॅपटॉपवर लाइव्ह बघतोय, फोनवर चार ग्रुप धडधडतायत. किती आमदार गेले, थोरल्या पवारांना माहीत होतं की नव्हतं, आता पुढे काय... पहाटेपर्यंत. एसी ७४ वर, गुडघ्यावर पातळ चादर.

आमचं टाउनहाउस आहे. शेजारच्या घराची आणि आमची एक भिंत सामाईक. त्या भिंतीपलीकडे पंचाहत्तरीची एक बाई एकटी राहायची. तिचा एसी शुक्रवारीच बंद पडला होता. चार जुलैची सुट्टी तोंडावर, मेकॅनिक मिळेना. कोणाला त्रास कशाला द्यायचा म्हणून ती टेबलफॅन लावून, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन बसून राहिली. रविवारी दुपारी ओहायोतल्या तिच्या मुलीने फोनवर फोन केले, उचलले जाईनात, म्हणून तिने तिथून पोलिसांना कळवलं. अँब्युलन्स आली, तिला घेऊन गेली. आम्ही तेव्हा गाढ झोपेत. जागरण झालं होतं ना!

वाचली ती. पण त्या घरात परत आली नाही.

हे मला कधी कळलं? ऑक्टोबरमध्ये. दारात 'फॉर सेल'ची पाटी लागली होती, मुलगी सामान आवरायला आली होती. मी तिथे चौकशीला गेलो नव्हतो बरं का. माझं एक पार्सल चुकून त्या दारात टाकलं असेल म्हणून बघायला गेलो होतो. तिने सगळं सांगितलं आणि अगदी साधेपणाने विचारलं, "तुम्ही तेव्हा बाहेरगावी होतात का?"

मी "हो" म्हणालो.

च्यायला, त्या "हो"ची लाज अजून गेलेली नाही. १४ हजार किलोमीटरवरचा आमदार कोणत्या गाडीत बसला ते मला मिनिटा-मिनिटाला कळत होतं. सहा इंचांच्या भिंतीपलीकडे एक बाई शिजत होती, ते कळायला तीन महिने लागले.

त्या वर्षी आमच्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेने ६४५ माणसं गेली. त्यात रस्त्यावर राहणारे पुष्कळ, पण घरात गेलेलेही होते. आणि घरात गेलेल्या बहुतेकांकडे एसी होता. तो चालत नव्हता, एवढंच. तेव्हा 'अमक्याचा एसी तीन दिवस बंद आहे' ही आमच्या भागात कोयोटी-कुत्र्याच्या जातीची चिल्लर बातमी नाही. हेडलाइन आहे ती.

आणि बातमीने काय होतं, तेही बघा. याच खोऱ्यात, सन सिटी वेस्ट नावाच्या निवृत्तांच्या वस्तीत, सप्टेंबर २०१८ मध्ये ७२ वर्षांची एक बाई घरात मृतावस्थेत सापडली. विजेच्या बिलातले ५१ डॉलर थकले होते म्हणून कंपनीने वीज तोडली होती, ऐन उन्हाळ्यात. नऊ महिने हे कोणाच्या गावीही नव्हतं. जून २०१९ मध्ये 'फिनिक्स न्यू टाइम्स' या इथल्याच साप्ताहिकाने ती बातमी छापली, लोक खवळले, आणि त्याच महिन्यात राज्याच्या नियामक आयोगाला उन्हाळ्यात थकबाकीसाठी वीज तोडायला तातडीची बंदी घालावी लागली. हे कुठल्या राष्ट्रीय चॅनेलवरच्या चर्चेने केलं नाही. स्थानिक वार्ताहराने केलं. ती त्याच गरमीत राहत होती.

आता आपल्या लोकांचे आक्षेप. पहिला: "आपल्याला कळून काय फरक पडतो, जे व्हायचं ते होतंच." याला उत्तर म्हणून मी आमच्याच दोन गोष्टी सांगतो, एक हरल्याची, एक जिंकल्याची.

हरल्याची म्हणजे लूप २०२ फ्रीवे. आज आपण सगळे पश्चिमेकडे जायला तो वापरतो, डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाला. मी तेव्हा टेम्पीत एमएस करत होतो आणि 'वा, नवा रस्ता!' एवढंच म्हणालो होतो. तो १९८५ च्या मतदानात मंजूर झालेल्या फ्रीवे आराखड्यात होता. चौतीस वर्षं! या काळात शेकडो कुटुंबांनी पेकोस रोडच्या कडेला घरं घेतली, शांत आहे, पुढे वाळवंटच आहे म्हणून. आराखडा गुप्त नव्हता. ज्यांना तो डोंगर पवित्र आहे त्या हीला रिव्हरच्या लोकांनी २०१२ मध्ये मतदान घेऊन 'रस्ताच नको' म्हणून सांगितलं. अवाटुकीतलेही काही जण कोर्टात गेले. २०१७ मध्ये अपील कोर्टातही हरले आणि डोंगराच्या सोंडा सुरुंगाने फोडून रस्ता झाला. हरले, कबूल. पण ज्यांनी वाचलं होतं त्यांनी निदान डोळे उघडे ठेवून घर घेतलं किंवा नाही घेतलं. बाकीचे नंतर म्हणत बसले, "आम्हाला कोणी सांगितलंच नाही." सांगितलं होतं की. दर बुधवारी ड्राइव्हवेवर पडत होतं.

जिंकल्याची म्हणजे लेक्स गोल्फ कोर्स. २०१३ मध्ये मालकाने तो बंद केला, तिथे घरं बांधायचा विचार होता. हिरवळ वाळून गेली, तळी सुकली. आजूबाजूच्या घरांच्या कागदपत्रांत मात्र एक कलम होतं: बहुसंख्य घरमालकांच्या संमतीशिवाय त्या जमिनीचा वापर बदलता येणार नाही. दोन रहिवासी बायकांनी ते कलम वाचलं आणि त्या कोर्टात गेल्या. २०१८ मध्ये न्यायाधीशांनी सांगितलं, गोल्फ कोर्स पूर्ववत करा. वाळवंटात गोल्फ असावा का, यावर माझं मत वेगळं आहे (नसावा! आमच्याकडचं बरंच पाणी कोलोरॅडो नदीतून ३३६ मैलांच्या कालव्याने येतं), पण मुद्दा तो नाही. मुद्दा असा की त्यांनी कागद वाचला. आपण इंजिनियर लोक! आयुष्यात कधी खालपर्यंत न वाचता 'आय ॲग्री' दाबणारी जमात. घराचे दीडशे पानांचे कागदही मी तसेच सही केले होते.

दुसरा आक्षेप खरा वजनदार आहे. "आपण एच-वनवर. ग्रीन कार्डच्या रांगेत अर्धं आयुष्य जाणार. मत देता येत नाही. उद्या नोकरी गेली तर साठ दिवसांत गाशा गुंडाळायचा. मग कशाला जीव लावायचा?" ही टांगती तलवार माझ्याही डोक्यावर आहे, त्यामुळे यावर मी हसणार नाही. पण एक गंमत बघा. भारतात मला मत आहे, पण ते द्यायला मी तिथे नसतो. इथे मी आहे, तर मत नाही. अख्ख्या पृथ्वीवर मला प्रत्यक्ष मत देता येईल अशी एकच निवडणूक आहे, ती म्हणजे आमच्या कॉलनीच्या एचओएची! तिथे मत घराला असतं, पासपोर्टला नसतं. मीटिंग सभासदांना खुली ठेवायची आणि मतदानाआधी त्यांना बोलू द्यायचं, असा ॲरिझोनाचा कायदाच आहे. स्कूल बोर्डापुढे उभं राहून दोन मिनिटं बोलायलाही कोणी व्हिसा विचारत नाही. तिथे आपल्यापैकी कोण जातं? प्रॉपर्टी टॅक्स मात्र आपण डॉलरन्‌डॉलर वेळेवर भरतो, क्रेडिट स्कोअर बिघडायला नको ना.

आणि तिसरा, माझ्या सगळ्यात डोक्यात जाणारा: "इथले लोकच तुसडे रे, आपल्यासारखा शेजारधर्म नाही यांच्यात." हे कोण म्हणतं? जे गणेशोत्सवात 'बटाट्याची चाळ'चा प्रयोग करून डोळे पुसतात ते. जे गॅरेजचं बटण गाडी वळणावर असतानाच दाबतात ते. शेजारीण आम्ही राहायला आलो तेव्हा लिंबांची पिशवी घेऊन आली होती, तिच्या झाडाची लिंबं. आम्ही थँक यू म्हणून दार लावलं. तिचं आडनाव मला ऑक्टोबरमध्ये तिच्या मुलीकडून कळलं. तुसडं कोण?

चाळीत कोणी सद्गुणी होतं म्हणून बातमी पोचत नव्हती. नळ सामाईक होता, जिना सामाईक होता, भांडणही सामाईक होतं, म्हणून पोचत होती. इथे ते काहीच नाही. म्हणून तर ते फुकटचं साप्ताहिक उघडावं लागतं, मीटिंगला जावं लागतं, दार वाजवावं लागतं. आपोआप होत नाही.

असो. बडबड पुरे. गेल्या महिन्यात मी पहिल्यांदा एचओएच्या मीटिंगला गेलो. दोनशेच्या वर घरं, हजर अकरा माणसं. क्लबहाउसच्या समोरच्या पट्ट्यात कुठल्या रंगाची खडी टाकायची, मॅडिसन गोल्ड की साधी तपकिरी, यावर चाळीस मिनिटं. मग मी उठून म्हणालो, जे एकटे राहतात आणि ज्यांची हरकत नाही अशांची यादी करू, उष्म्याचा इशारा असेल त्या दिवशी शेजारच्या दोन घरांनी संध्याकाळी बेल वाजवायची, बस. अध्यक्ष म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण उद्या काही झालं तर जबाबदारी कोणाची, वकिलाला विचारावं लागेल. विषय पुढच्या मीटिंगवर ढकलला. अजेंड्यावर सहावा आहे, खडीच्या नंतर.

सभासदांपैकी, आमचं धरून, चार घरं मराठी आहेत. बाकी तिघांना मी मेसेज टाकलाय की या, हात वर करायला माणसं हवीत. दोघांनी अंगठा दाखवलाय. तो मराठी अर्थाने की इमोजीच्या, ते मंगळवारी कळेल. तिसऱ्याने विचारलंय की तिथे पार्किंग मिळेल का. क्लबहाउस त्याच्या दारापासून चालत तीन मिनिटांवर आहे.