प्रश्न धाडावा, दप्तर नव्हे

१९९४ साली नांदेडला विद्यापीठ स्थापन झाले आणि लातूर जिल्हाही त्याच्या कक्षेत आला. अशा दोन गावांना एकच नोंदवही लागते. समजा, नांदेडच्या संगणकावर ॲक्सेसची २० मेगाबाइटची फाइल आहे आणि लातूरचा कारकून ६४ किलोबिट वेगाच्या तारेवरून तीत खिडकीपाशी उभ्या मुलाचे नाव शोधतो आहे. शोधण्याचे काम लातूरचाच संगणक करतो. इंडेक्स नसेल तर सारे दप्तर तिकडे वाहावे लागते. सेकंदाला ८ किलोबाइट, म्हणजे सुमारे ४२ मिनिटे! लिहिताना तार तुटली तर फाइल बिघडण्याची भीती वेगळीच.

माझ्या मते दोष तारेचा नाही. (वेग दुप्पट केला तरी २१ मिनिटे आहेतच.) शोधणारा सर्व्हर नांदेडातच बसवावा. मग लातूरहून केवळ प्रश्न जाईल. उत्तराच्या २०० बाइटांना सेकंदाचा चाळिसावा भाग पुरे.